आबासाहेबांची हवा

हे कुणाला सांगायचं नाही, असं इंदूमावशीनं बजावलंय. पण राहवत नाही.

इंदूमावशीची जुनी व्हॅन आम्हा वरच्या वाडीच्या मुलींना शाळेत नेते. पेट्रोल परवडेना, म्हणून ती बंद पडायची वेळ आली. चाकांच्या पोकळीत वारा घुसला नाही तर पेट्रोल कमी लागतं, हे मावशीला कळलं. तिनं मागच्या चाकांवर पत्रा बसवला आणि त्यावर निवडणुकीचा जुना फ्लेक्स ताणून चिकटवला. पेट्रोल खरंच वाचू लागलं.

एकदा भर चौकात सरपंच आबासाहेबांनी व्हॅन अडवली. चाकावर त्यांचाच चिखलानं माखलेला चेहरा होता आणि खाली अक्षरं, 'गावात हवा आबासाहेबांचीच!'

"इंदू, माझं तोंड चाकावर? काढ आधी, नाहीतर गाडी गावात फिरू देणार नाही!"

आम्हा मुलींचे चेहरे पडले. मावशी पदर खोचून उतरली.

"आबासाहेब, पेट्रोल खाते ती हवा. म्हटलं, मालकाचा चेहरा बघून तरी मुकाट बाजूनं जाईल."

"ते काही नाही. काढ!"

"काढते की. पण उद्या लोक म्हणतील, इंदूनं चौकात आबासाहेबांची हवा काढली."

पारावर हशा पिकला. आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "राहू दे. पण चेहरा रोज पुसत जा."

ते काम आता आम्हा मुलींकडे आहे. काल पुसता पुसता मिशीच निघाली, आणि आज आबासाहेब समोरून… आले गं मावशी, आले!