निवडुंगाला सरकारी पाणी

कंकरगडच्या राजबागेत सोमवारी सकाळी एकोणचाळिसावा निवडुंग मेला. उरला एक. तोही मेला, की बयाजी माळ्याने बिऱ्हाड उचलून शिवेबाहेर जायचं, असा रायाजीराजांचा हुकूम होता. बयाजीचे गुडघे विहिरीपर्यंत जायला तयार नसत, शिवेबाहेर कुठले जातात? बागेचं काम हल्ली त्याची लेक ठकू बघे. तिने मेलेल्या झाडाच्या बुडाला बोट लावलं. पिकल्या केळ्यात जावं तसं ते आत गेलं.

"कुजलाय," ती म्हणाली. "बुडाला बिचारा."

बुडेल नाही तर काय! निवडुंग जन्मभर तहानलेला असतो, असं राजांना कुणीतरी सांगितलं आणि राजांना दया आली. राजाला दया आली, की बाकीच्यांनी जरा सांभाळून असावं. त्यांनी उंटांवरून चाळीस कुंड्या आणवल्या आणि जाहीर केलं, की माझ्या राज्यात कुणी तहानलेलं राहणार नाही. गावविहिरीवर घागरींची रांग होती, पण ती बागेतून दिसत नसे. रोज सकाळी सनई वाजे, राजे चांदीच्या झारीने प्रत्येक कुंडीत पाणी घालीत. मग प्रधानजी, मग सेनापती, मग उरलेला दरबार, मानाप्रमाणे एकेक तांब्या. जो घालणार नाही त्याच्या निष्ठेबद्दल कुजबुज व्हायची, म्हणून काही जण दोन दोन घालीत.

झाडांची ओळख पटवायचं काम शास्त्रीबुवांकडे होतं. नावं ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. काटा असो वा नसो, ते पाटीवर 'महावज्रकंटक' लिहून मोकळे होत. ठकूने एकदा सांगून पाहिलं होतं, "बुवा, हा निवडुंग नव्हे, कुंपणाला लावतात तो शेर आहे. टोचलं की पांढरा चीक येतो बघा. निवडुंगातून नुसतं पाणी झिरपतं. आणि ती कोपऱ्यातली तर आपली कोरफड."

"राजाच्या कुंडीत आली की कोरफड कोरफड राहत नाही," बुवा म्हणाले होते.

पाणी थांबवा, असं आधीच्या माळ्याने राजांना तोंडावर सांगितलं. राजाचा हात धरतोस, म्हणून त्याला त्याच दुपारी शिवेबाहेर घातलं. तेव्हापासून बागेत सगळ्यांची तोंडं मिटलेली होती.

राजे आले, मेलेलं झाड बघून हळहळले. प्रधानजी लगेच पुढे झाले. "महाराज, चौकशी केली. पाण्यात खोट नाही. मातीच राजनिष्ठ नाही."

"ठकू," राजे म्हणाले, "हा शेवटचा. उद्या मी पाणी घालणार, परवा घालणार, रोज घालणार. तरी हा कुजता कामा नये. कुजला, तर बापाला घेऊन चालती हो. आणि पाणी घालू नका, असं मला कुणी सांगायचं नाही."

"नाही सांगणार, महाराज," ठकू म्हणाली. त्या झाडाला पंधरा दिवसांतून एकदा घोटभर पाणी पुरलं असतं, आणि इथे रोज अख्खा दरबार तांब्या घेऊन उभा!

घरी बयाजीने विचारलं, "गाडीवाल्याला सांगून ठेवू का, पोरी?"

"नको, आबा."

"मग करणार काय तू?"

"काही नाही. नुसता हात पुढे करणार."

दुसऱ्या दिवशी सनई वाजली. शास्त्रीबुवांनी मंत्र सुरू केला. राजांनी झारी उचलली आणि डोळे मिटले, कारण दया करताना डोळे मिटायची त्यांची सवय होती. धार पडली. ठकूने उजवा तळहात पसरून धारेखाली धरला आणि पाणी बाजूच्या फरशीवर जाऊ दिलं. कुंडीत थेंब पडला नाही.

राजांनी डोळे उघडले. "हे काय?"

ठकूने ओला हात कपाळाला लावला. "उपकार झाले, महाराज. बुवा, लिहून घ्या. राजांनी मंत्र म्हणवून, दरबारासमोर, माझ्या हातावर पाणी सोडलं. समोरची वस्तू दान झाली."

कंकरगडची रीत तशीच होती. राजाने काही दान द्यायचं, तर घेणाऱ्याच्या तळहातावर पाणी सोडायचं. पाणी सोडलं, की हक्क सुटला. कागद मागाहून होई.

"दान कसलं? मी झाडाला पाणी घालत होतो," राजे गरजले.

"होय महाराज. पण पडलं कुठे?"

"शास्त्रीबुवा, सांगा हिला. हे दान नव्हे."

बुवांची नदीकाठची जमीन अशाच पाण्याने आलेली होती, आणि तिचा कागद अजून व्हायचा होता. आज हे पाणी खोटं, तर ते खरं कसं? ते खाकरले. "महाराज, सोडलेलं पाणी परत घेता येत नाही."

राजांनी प्रधानजींकडे पाहिलं. प्रधानजींचा वाडा दानाचा. सेनापतींकडे पाहिलं, त्यांची आमराई दानाची. दोघेही एकदम झाडाकडे बघू लागले.

"आणि उद्या?" राजांनी विचारलं. "उद्या मी पाणी घालायला आलो तर?"

"अवश्य या, महाराज. मी हात धरून उभी असेन. समोर जे असेल ते. उद्या ही कुंड्यांची ओटी, परवा बाग. बाग संपली, की मग राजवाड्याचा चौक लागतो."

राजांच्या मिशा हलल्या, आणि ते इतके हसले, की सनईवाल्याला वाटलं आपल्याला खूण झाली आणि तो पुन्हा वाजवू लागला.

"पोरी, पाणी घालू नका हे न सांगता सांगितलंस," डोळे पुसत राजे म्हणाले. "आजपासून या बागेत तुझ्याशिवाय कुणी तांब्या आणायचा नाही. निवडुंग तुझा, आणि बयाजीला राहतं घर कायमचं." प्रधानजींनी आपला तांब्या हळूच पाठीमागे लपवला. राजांनी भरलेली झारी पुढे केली. "आणि ही चांदीची झारी, माझ्याकडून बक्षीस."

ठकूने एकवार झाडाकडे पाहिलं.

"द्या महाराज," ती म्हणाली, "पण कोरडी द्या."

राजे पुन्हा खो खो हसले आणि त्यांनी सगळं पाणी शास्त्रीबुवांच्या पायांवर ओतलं.