घरजावयाची रोषणाई

एका गावात एक भोळा घरजावई होता. नाव हैबती. अंगानं पैलवान, मनानं कोकरू, आणि डोकं नुसतं टोपी घालायला. सांगाल तेवढंच करायचा, आणि सांगाल तसंच करायचा.

त्याची सासू गोदाक्का. दिवाळीत लोकांच्या घरांवर लाइटच्या माळा लावून द्यायचा तिचा धंदा. पूर्वी लोक आपल्या घरावर आपणच चढायचे. मग गावात पैसा आला आणि सगळ्यांचे गुडघे दुखायला लागले.

त्या वर्षी गोदाक्काला मोठं काम मिळालं. पुढारी दाजीसाहेबांचा बंगला. ऐन दिवाळीत त्यांचा पन्नासावा वाढदिवस. बंगला उजळला तर गावच्या जत्रेच्या रोषणाईचं कामही गोदाक्काला, नाही तर शेजारगावच्या माणसाला. आणि नेमका तिचा कामाचा गडी शिडीवरून पडला. उरला जावई.

गोदाक्का म्हणाली, "जावईबापू, आधी लहान घरांवर हात बसवा. नरहर शिंप्याकडे जा. घराला चारी बाजूंनी माळा घट्ट आवळा. कुठं फट ठेवू नका."

हैबतीनं आवळल्या. भिंतींवरून, खिडक्यांवरून, दारावरून, सात वेढे. वर खिळे ठोकले. शिंपी, शिंपीण आणि दोन पाहुणे आतच राहिले. दुपारपर्यंत ओरडत होते. लोकांना वाटलं, टीव्ही चालू आहे.

गोदाक्कानं कपाळाला हात लावला. "अहो, दारं-खिडक्या मोकळ्या सोडायच्या असतात!"

"आधी सांगायचं ना, मामी. आता ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

दुसरं काम रतिलालशेठचं. खाली कापडाचं दुकान, वर घर. समोरून बघावं तर नुसती दारं नि खिडक्या. हैबतीनं समोरचं सगळं मोकळं सोडलं. मागं गटाराकडची भिंत कोरी होती. सगळ्या माळा तिथं लावल्या. शेठची दिवाळी गावच्या डुकरांनी बघितली.

"जावईबापू, गटाराला कसली रोषणाई? चार माणसं जमतात तिथं लावायची!"

"आधी सांगायचं ना, मामी. आता ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

तिसरं काम अनसूयाबाईंचं. हैबती गेला तर त्यांच्या दारात चिटपाखरू नाही. शेजारच्या दारात मात्र पन्नास माणसं जमलेली. हैबतीनं शिडी तिकडं लावली. लाल, हिरव्या, लुकलुकणाऱ्या माळा सोडल्या. घर होतं म्हाताऱ्या हरिबाचं. हरिबा सकाळीच वारला होता. एक माळ उरली, ती हैबतीनं तिरडीच्या बांबूला गुंडाळली. हरिबाच्या सुनेनं फेकून मारलेल्या चपलेचा नेम चुकला म्हणून तो घरी आला.

गोदाक्का कडाडली. "जावई नसता तर शिडीला बांधून ठेवलं असतं! मयताच्या घरी रोषणाई करतात का? असलेल्या माळासुद्धा उतरवायच्या. शेजारापाजारानंही लावायच्या नाहीत. हात जोडायचे, दोन बरे शब्द बोलायचे आणि पुढच्या कामाला हातभार लावायचा!"

"आधी सांगायचं ना, मामी. आता ध्यानात ठेवतो."

बंगल्याच्या माळा मग गोदाक्कानं स्वतः लावल्या. जावयाला तारेला शिवू दिलं नाही. काम झालं तशी ती जनरेटर आणायला तालुक्याला निघाली. "अंधार पडला की बटण दाबा, जावईबापू. एवढंच."

हैबती बटणापाशी बसला. समोर बघतो तर दाजीसाहेबांचा पुरुषभर उंच फोटो. वीस वर्षांपूर्वीचा, केस काळेभोर. फोटोला झेंडूचा हार. पुढं उदबत्ती. आणि भोवती पांढऱ्या कपड्यांतली पन्नास-साठ माणसं, तोंडं पाडून बसलेली.

हैबतीनं एकाला विचारलं, "कशासाठी थांबलाय?"

कार्यकर्ता म्हणाला, "साहेबांना आणायला गाडी गेलीय. ते आले की उरकायचं. सकाळपासून पोटात अन्न नाही."

हैबती उठून उभा राहिला. त्यानं फोटोला हात जोडले. "माणूस चांगला होता," म्हणाला. आणि शिडी घेऊन चढला. बंगल्याच्या सगळ्या माळा उतरवल्या. कार्यकर्त्यांना वाटलं, याहून भारी माळा येणार.

मग तो गावात निघाला. "दाजीसाहेब वारले, माळा उतरवा." कुणी हुज्जत घातली नाही. रतिलालशेठनं विचारलं, "नक्की ना?" हैबती म्हणाला, "नक्की." शेठनं स्वतः शिडी धरली आणि त्याच्या हातावर साखर ठेवली. शिंप्यानं चहा पाजला. दिवेलागणीला सगळं गाव काळंकुट्ट.

हैबती परत येऊन बंगल्याच्या फाटकावरची शेवटची माळ सोडत होता, तेवढ्यात गाडी आली. मागून जनरेटरचा टेम्पो, त्यात गोदाक्का. गाडीतून एक टकला, जाडा माणूस उतरला.

"काय रे, वीज गेली का?"

"वीज आहे. दाजीसाहेब नाहीत."

"अरे गाढवा, मीच दाजीसाहेब!"

हैबतीनं फोटो बघितला. माणूस बघितला. नाक तेच होतं. गोदाक्का टेम्पोतून उतरली आणि अंधार बघून तिथंच रस्त्यावर बसली. जत्रा गेली, हे तिला कळलं होतं.

हैबती शिडीवरून खाली आला. खांद्यावरच्या पंच्यानं फाटकालगतचा ओटा झाडला आणि दाजीसाहेबांचा हात अदबीनं धरला.

"बरं झालं, आपल्या पायांनी आलात. आता असे आडवे व्हा. माणसं सकाळपासून उपाशी आहेत, लवकर उरकून घेऊ."