सायोने फाडलेली जाळी

फार पूर्वी जपानमधल्या एका नदीकाठच्या गावात सायो नावाची पंखे करणारी बाई राहत होती. एकाच बांबूचं टोक चिरून ती साठ बारीक काड्या काढायची, त्या पसरून दोन्ही बाजूंनी हातकागद चिकटवायची. कागदावर उडते बगळे असत. ते छापायला तिच्याकडे आईने केलेली, चौकटीवर ताणलेली, बगळ्यांचे आकार तेवढे मोकळे ठेवलेली रेशमी जाळी होती. जाळीवरून रंग ओढला की बगळे कागदावर उतरत. बगळे दिसले की लोक डोळे झाकून पंखा घेत.

एका उन्हाळ्यात शहरातला व्यापारी आला. "सायोबाई, उत्सव तोंडावर आलाय. जाळी चार दिवस द्या. माझी माणसं तुमच्यासारखेच पंखे करतील."

सायोला भीड पडली. तिने जाळी दिली.

उत्सव संपला आणि एका म्हातारीने मोडका पंखा सायोच्या पुढ्यात टाकला. "माझा नवरा तापाने फणफणलाय. चार वेळा वारा घातला, तर हे असं झालं. तुझे बगळे बघून घेतला होता मी."

सायोने पंखा उचलला. काड्या जेमतेम वीस. कागद आताच सुटू लागलेला. बगळे मात्र तिचेच. तिची कानशिलं तापली. ती तशीच शहरातल्या बाजारात व्यापाऱ्याच्या दुकानी गेली.

व्यापारी हसला. "लोकांना बगळे हवे असतात, काड्या कोण बघतं? गप्प राहा. तुम्हाला दुकानात भागीदार करतो."

"जाळी आणा," सायो म्हणाली.

त्याने आणली. तिने कमरेला खोचलेला, बांबू चिरायचा सुरा काढला आणि जाळी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फाडली.

"अहो, तुमच्या आईच्या हातची होती ती."

"म्हणूनच फाडली. आईच्या बगळ्यांना तू खोटं बोलायला लावलंस. आणि ते मीच तुझ्या हाती दिले, याचा राग मला तुझ्यावरच्या रागाहून जास्त आहे."

मग ती जमलेल्या लोकांकडे वळली. "यापुढे बगळ्यांचा पंखा कुणी विकला, तर तो माझा नाही."

व्यापाऱ्याचे ढीगभर पंखे कुणी घेतले नाहीत, ते थंडीत चुलीत गेले. जाळी फाडली त्याच दिवशी सायोने म्हातारीला कोरा पांढरा पंखा करून दिला. म्हातारी तो पंखा घेऊन घाईने नवऱ्याकडे गेली. सायोचा राग वर्षभर उतरला नाही. त्या रागातच तिने वेगळ्या चित्राची नवी जाळी केली, आणि ती कधी उंबरठ्याबाहेर जाऊ दिली नाही.

तात्पर्य: भिडेपोटी आपलं नाव उसनं दिलं, तर त्या नावाने झालेल्या फसवणुकीचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.