कस्तुराने डब्याचे नाव घेतले

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात एक कस्तूर पक्षी राहत असे. रंगाने निळाकाळा आणि स्वभावाने एकटा. त्याला ना थवा होता, ना गुरू, ना शिष्य. ओढ्याकाठच्या खडकावर बसून तो अशी शीळ घाली, की वाटेने जाणाऱ्याला वाटावे, कुणी गडी मजेत घरी निघाला आहे. आपली गाणी तो आपणच जुळवी, आणि त्यांच्यावर त्याचा फार जीव होता.

त्या जंगलात एक जुनी रीत होती. पळस फुलला की सगळे पक्षी मोठ्या वडावर जमत आणि एकेक जण आपले नवे गाणे म्हणे. मात्र गाण्याआधी मान लववून सांगायचे, की यातले काय कुणाकडून घेतले. कुणी बापाचे नाव घेई, कुणी शेजाऱ्याचे. कोकीळ बिचारा दर वर्षी अडखळे, कारण त्याला जन्म दिला एकीने आणि वाढवले दुसरीने. पण तोही दोघींची नावे घेऊन मोकळा होई. ज्याने दुसऱ्याचा सूर लपवला किंवा भलत्याचे नाव घेतले, त्याला सभा मौन सांगे. अख्खा वसंत चोच मिटून बसायचे! गाणाऱ्या पक्ष्याला वसंतात मौन म्हणजे जोडीदारीण नाही, घरटे नाही, पिल्लेही नाहीत.

पुढे काय झाले, की माणसे आली आणि पाखरांचा अभ्यास करायचा म्हणून त्यांनी ऐनाच्या खोडाला एक डबा बांधून ठेवला. त्या डब्यात म्हणे यंत्राची बुद्धी होती. जंगलातला प्रत्येक आवाज तो ऐकून पोटात ठेवी. त्याच्यापुढे अर्धी शीळ घातली, की उरलेली अर्धी तो जुळवून देई. ती आवडली नाही तर दुसरी देई, तीही नको असली तर तिसरी. कंटाळा त्याला ठाऊकच नव्हता. चारचौघांत सगळे पक्षी या डब्याच्या नावाने नाक मुरडत. पण ऐनाच्या बुंध्याशी गळलेली पिसे पाहिली असती, तर जंगलातला एकही रंग तिथे कमी नव्हता.

त्या वर्षी कस्तुराचे गाणे मध्येच अडले. सुरुवात झकास जमली होती, शेवटही जमला होता. मधले वळण काही केल्या सापडेना. शेवटी तोही ऐनाकडे गेला. डब्याने दिलेले पुष्कळसे त्याने टाकून दिले, एक वळण उचलले, ते आपल्या गळ्याला बसेल असे वाकवले आणि गाणे पुरे केले. ते इतके सुरेख झाले, की तो स्वतःच चकित झाला. हे सभेत सांगायचे, असे त्याने ठरवले, तेव्हा त्याच्या मैत्रिणीने, शेकरूने, कपाळावर हात मारून घेतला. "अरे, सगळेच जातात तिथे. कुणी बोलतं का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

कस्तूर म्हणाला, "गाणं माझं आहे, म्हणूनच सांगायला हवं. लपवलं, तर ते गाताना मलाच चोरट्यासारखं वाटेल."

सभेचा दिवस आला. अध्यक्ष म्हणून म्हातारा धनेश एक फळ चोचीत धरून बसला होता. दयाळ नावाचा रुबाबदार पक्षी पुढे आला, बापाचे नाव घेऊन त्याने गाणे म्हटले आणि वाहवा मिळवली. तेवढ्यात खालच्या फांदीवरून एका म्हाताऱ्या शामा पक्षिणीने कापऱ्या आवाजात विचारले, की हे मधले वळण त्याला कुठून मिळाले. तिचा नवरा मोठा नामांकित गवई होता. गेल्या पावसाळ्यात शिक्रा त्याला उचलून घेऊन गेला होता. दयाळ हसून म्हणाला, "माझंच आहे, आजी. वय झालं तुमचं, भास होतात." त्याच्या आधी बुलबुलानेही तिला हेच सांगितले होते. म्हातारीने चोच पंखात खुपसली.

मग कस्तूर पुढे झाला. मान लववून तो म्हणाला, "या गाण्याची सुरुवात माझी आहे, शेवटही माझा आहे. मधलं वळण मी ऐनावरच्या डब्याकडून घेतलं आणि माझ्या गळ्याला जुळवून घेतलं."

धनेशाच्या चोचीतले फळ खाली पडले. मग एकच गलका उडाला. जे रोज ऐनाखाली हजेरी लावत तेच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते, यात नवल ते काय! दयाळाने तर थेट मौनाची मागणी केली. ज्याला गळा नाही, घरटे नाही, अशा डब्याचे नाव वडावर घेणे हा थोरामोठ्यांचा अपमान आहे, असे त्याचे म्हणणे पडले. कस्तूर हादरून गेला. नावे ठेवतील हे त्याने धरले होते. पण लपवणाऱ्यासाठी ठेवलेली शिक्षा सांगणाऱ्यालाच मिळेल, हे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते. धनेशाने गळा साफ केला आणि निवाड्याआधी निदान गाणे तरी ऐकू या, असे ठरवले.

कस्तूर गाऊ लागला. मधले वळण आले मात्र, म्हातारी शामा फांदी सोडून सरळ त्याच्यासमोर येऊन बसली.

"हे आमच्या ह्यांचं आहे," ती म्हणाली.

कस्तुराचे गाणे जागच्या जागी थांबले. डब्याचे नाव घेतले, की आपण सगळे खरे सांगितले, असे तो समजत होता. त्या डब्याने कुणाच्या गळ्यातून काय घेतले, हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. त्याला आपलीच भयंकर लाज वाटली. तो म्हणाला, "आजी, मी विचारलंच नाही. चला, कुठे मिळालं ते तुम्हाला दाखवतो."

सगळी सभा त्यांच्यामागून ऐनाकडे उडाली. शामेने डब्यापुढे अर्धी साद घातली. पहाटे नवऱ्याला उठवताना घाली, तशीच. डब्याने क्षणाचाही विचार न करता उरलेली अर्धी परत दिली. तेच वळण, तोच लाडिक झोका! गेलेला माणूस शेजारच्या खोलीतून बोलावा, तसे झाले. म्हातारीने सालीत नखे रुतवून स्वतःला सावरले. आजूबाजूचे पक्षी असे गारठले, की कुणाला उडून जायचेही सुचेना.

मग ती हळूच वळली. "ह्या वसंतात मी त्यांना तुमच्या सगळ्यांच्या गाण्यांत ऐकत होते," ती म्हणाली. "एकेकाला विचारलं. तुम्ही म्हणालात, भास होतो. मी स्वतःला वेडी समजून बसले होते."

कुणीही मान वर केली नाही. धनेश मोठ्या पेचात पडला, कारण नियमाप्रमाणे मौन सांगायचे म्हटले, तर अख्खे जंगल मुके झाले असते. त्याने चाचरत शामेलाच विचारले, की कस्तुराचे काय करावे.

"त्याला गप्प बसवलंत, तर उद्या मला खरं कोण सांगेल?" म्हातारी म्हणाली.

कस्तुराने तिच्यापुढे मान लववली आणि ते वळण ठेवू की सोडून देऊ, असे विचारले. तिने एकदा डब्याकडे पाहिले. मग म्हणाली, "ठेव. पण आधी त्यांचं नाव घे, मग डब्याचं. आणि आज नको गाऊस. आज मला ऐकवणार नाही."

पक्षी एकेक करून उडून गेले. दयाळ मात्र मागे राहिला. पंख मिटून, चोरासारखा सरकत सरकत तो म्हातारीच्या फांदीवर आला.

"आजी," शेवटी तो म्हणाला, "तो भास नव्हता."

तात्पर्य इतकेच, मुलांनो : मदत यंत्राची घ्या नाहीतर शेजाऱ्याची, तिने कलावंत लहान होत नाही, पण घेतलेले लपवले, तर ज्याचे घेतले त्याच्या माणसांना आपण त्यांच्या स्वतःच्या कानांवरही विश्वास ठेवू देत नाही.