न हललेली पोर

"मग खोट कुठे आहे, ते तरी सांगा!" हणमंताने तिसऱ्यांदा विचारलं.

तातोबा चितारी हातातला फोटो न्याहाळत राहिले. मिरजेतले हे जुने फोटोग्राफर. हणमंत सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकत होता. उद्या इनामदारांच्या साऱ्या कुटुंबाचा फोटो काढायचा होता आणि हणमंताला तिथे एकट्याने जायचं होतं. मास्तरांचा होकार तेवढा हवा होता. म्हणून त्याने आपला सर्वांत चांगला फोटो पुढे ठेवला होता. आई, बाप, मधे चार वर्षांचा मुलगा. बापाच्या मिशीचा केस न् केस दिसावा, इतका स्वच्छ. हणमंताची स्वारी अगदी हवेत होती.

"पोरगं कसं बसवलंस?"

"डोळे वटारले. म्हटलं, हललास तर कॅमेऱ्याच्या या नळीतून बागुलबुवा येईल. जागचं हललं नाही बघा!"

"हं..."

मास्तरांनी ट्रंकेतून एक पिवळा पडलेला फोटो काढला. "माझ्या गुरूंच्या हातचा आहे. चाळीस वर्षं झाली. बघ."

हणमंताला हसू आवरेना. "सगळे हललेत की! आजोबांना दोन नाकं, काकूंना तर तोंडच नाही. असला फोटो मी गिऱ्हाइकाला दाखवलाही नसता."

"सगळे?"

हणमंताने फोटो उजेडात धरला... पुढे पाटावर एक परकरी पोर बसली होती. ती तेवढी लख्ख आली होती. ओठ घट्ट मिटलेले आणि गालात मावेनासं हसू.

"तेव्हा आठ आकडे मोजेपर्यंत न हलता बसावं लागे," मास्तर म्हणाले. "पोर हलतेय का, म्हणून सगळे चोरून तिच्याकडेच बघत राहिले. त्यातच हलले."

"आणि ती?"

"गुरूंनी आधी तिला कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली घेतलं. काचेवर आजोबा दाखवले."

कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, हे हणमंताने हजारदा पाहिलं होतं. पण कुणा पोराला ते दाखवावं, हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं. साऱ्या घराला धाकात ठेवणारे आजोबा, आणि खाली डोकं वर पाय! एवढं गुपित पोटात धरून ती चिमुरडी बसली होती. कधी न पाहिलेल्या त्या गुरूंच्या पाया पडावं, असं हणमंताला वाटलं.

मग त्याची नजर स्वतःच्या फोटोवर गेली. मुलाचे डोळे... भीतीसुद्धा किती स्वच्छ आली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने फोटो पालथा घातला. "मास्तर, उद्या तुम्हीच जा."

मास्तरांनी कॅमेरा उचलून त्याच्या हातात दिला.

"आता खोट कळली तुला, तूच जा. पोर हललं तर हलू दे. तू तेवढा हलू नकोस."