लाल शाई न लागलेले पान

एकदा एक तरुण वकील आपल्या वृद्ध गुरूंवर चांगलीच रागावली. गुरू म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेचे संचालक, भाऊसाहेब. उमेदीची सारी वर्षे त्यांनी कायद्यांचे मसुदे लिहिण्यात घालवली होती. ऋजुता त्यांची लाडकी शिष्या. पण रागाला कारणही तसेच होते.

घरी डबे करून विकणाऱ्या बायकांना सहज परवाना मिळावा, यासाठी ऋजुताने दीड वर्ष खपून एका कायद्याचा मसुदा तयार केला होता. तिच्या आईने असेच डबे करून तिला वकील केले होते, तेही पालिकेचा माणूस दिसला की स्टोव्ह विझवून पलंगाखाली सरकवत. चार दिवसांनी मसुदा समितीपुढे जायचा होता. आणि भाऊसाहेबांनी त्याची पहिली प्रत कोणाकडे पाठवावी? हॉटेलमालक संघटनेचे वकील सबनीस यांच्याकडे! या कायद्याला सर्वांत कडवा विरोध त्यांचाच.

“भाऊसाहेब, आपण होऊन त्यांना तयारीला वेळ दिलात!”

“दिला खरा. तू आधी चहा घे,” भाऊसाहेब हसून म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मसुदा परत आला. पानोपानी लाल शाईचे आक्षेप. ऋजुताचा चेहरा पडला. भाऊसाहेब मात्र एकाही आक्षेपावर न थांबता भराभर पाने उलटत सातव्या कलमापाशी आले. त्या पानावर लाल शाईचा ठिपकाही नव्हता. समासात निळ्या शाईने लिहिले होते, ‘उत्तम. पूर्ण पाठिंबा.’

“सापडलं! आपली चूक इथे आहे,” भाऊसाहेब खूश होऊन म्हणाले.

“अहो, हे एकच तर कलम त्यांना आवडलंय!”

“म्हणूनच. आक्षेपांना आपण उत्तरं देऊ, त्यांची मला काळजी नाही. आपली माणसं मसुदा वाचतात तेव्हा त्यांना आपला हेतू दिसतो. विरोधक नुसते शब्द वाचतो, आणि उद्या कचेरीतला कारकूनही तेवढेच वाचणार. ज्याला हे परवाने मुळीच नकोत, त्याला हे कलम का हवंसं वाटलं? वाच मोठ्याने.”

ऋजुता वाचू लागली, “अर्जदाराच्या घरी स्वतंत्र स्वयंपाकघर असणे बंधनकारक राहील.” स्वच्छतेच्या काळजीने तिनेच हे आवर्जून घातले होते. वाचता वाचता तिचा आवाज अडखळला. डबे करणाऱ्या कितीतरी बायकांचा संसार एकाच खोलीत असतो. तिच्या आईचाही होता. लेकीच्या कायद्याने पहिला परवाना आईचाच नाकारला असता.

“आईलाच विसरले मी,” ती ओशाळून म्हणाली.

“वेळेवर आठवली की! घे पेन.”

‘स्वतंत्र स्वयंपाकघर’ खोडून ऋजुताने ‘स्वयंपाकाची स्वच्छ जागा’ असे लिहिले आणि मसुदा ठरल्या दिवशी समितीपुढे गेला. त्याच संध्याकाळी ती पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतः सबनीसांकडे गेली. ते चक्रावलेच.

“अहो, मी तुमच्या अकरा कलमांवर आक्षेप घेतलेत, आणि पेढे कसले?”

“सातव्यावर घेतला नाहीत ना, त्याचे,” ऋजुता म्हणाली.

विरोधकाचे आक्षेप आपण जरूर वाचावेत. त्याची शाबासकी मात्र दोनदा वाचावी.