धामणीचे उलटे धनुष्य

एका राज्यात मुले बोलतच नसत, आणि तिथे धनुष्ये घडवणाऱ्या कुमुदाला झोप येत नसे.

तिची काळजी अशी, की आपली लेक रुंजी मुकी राहिली ती आपल्याच हातून घडलेल्या कशाने तरी. वास्तविक कारण साऱ्या राज्याला ठाऊक होते. राजा भूमिधराने कृष्णक मांत्रिकाच्या तळ्यातून सोन्याचा हंडा उपसून काढला, तेव्हा मांत्रिक म्हणाला, "तू माझ्या तळ्याची शांतता नेलीस, मी तुझ्या राज्यातल्या लेकरांची बोली नेतो." हंडा राजाच्या हातून सुटला, आभाळात चढला आणि तळ्याच्या मधोमध अधांतरी राहिला. लेकरांची बोली त्याच्या पोटात. तेव्हापासून मुलांचे रडणे ऐकू येई, शिंक ऐकू येई, शब्द मात्र एकाच्याही तोंडून फुटेना. राजकन्यासुद्धा खुणेने पाणी मागे. एवढे ठाऊक असूनही कुमुदा कूस बदलत राही. डोहाळे लागले तेव्हा आपण चिंचा फार खाल्ल्या का? की आपणच पोरीशी इतके बोलत राहिलो, की तिला मध्ये शिरायला फटच मिळाली नाही?

शापाची सोडवणूक मांत्रिकानेच सांगून ठेवली होती. स्वतःच्या वळणाविरुद्ध ताणलेल्या धनुष्याचा बाण हंड्याला लागला पाहिजे. ते धनुष्य घडवणाऱ्याचे आणि बाण सोडणाऱ्याचे हात एकच असावेत, आणि त्या हातांचे लेकरू मुके असावे. मुदत तळ्यातल्या पाण्याची. तळे आटले, की हंडा वाऱ्यात विरणार आणि बोली त्याच्याबरोबर जाणार. उन्हाळा लागलेला होता. तसे धनुष्य घडवणारी राज्यात कुमुदा एकटी. राजाने पालखी धाडली. तिने पालखी परत पाठवली, रुंजीला कडेवर घेतले आणि ती रानात गेली.

रानात धामणीचे जुने झाड होते. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी स्वतःला चिखलाने लिंपून अंड्यावर बसली होती. बाहेर दिसे ती फक्त चोच. त्या राज्यातले पक्षी बोलत, तशी तीही बोले.

"तीन फांद्या देईन," चोच म्हणाली. "चौथी मागू नकोस. मला घर लागते."

पहिल्या फांदीचे धनुष्य कुमुदाने मन लावून केले. लाकूड सावलीत वाळवले, पोटाकडून, म्हणजे दोरी ओढणाऱ्याकडच्या अंगाने, तासले, पाठीला हात लावला नाही. दोन्ही टोके वाफेवर मऊ करून साच्यात उलटी वळवली. म्हशीच्या पाठीची तांत कुटून तिचे धागे सरसाने पाठीवर बसवले. दोरी नसताना असे धनुष्य उलट्या अंगाला वाकलेले असते, रुसून पाठ फिरवून बसल्यासारखे. दोरी चढवायची ती त्याला पुरते उलटवून. हे सांगायला कुमुदा उठेपर्यंत राजाने धाडलेला सेनापती रणधीर घोड्यावरून उतरला होता. धनुष्य ज्या बाजूला वाकलेले दिसले, त्याच बाजूने त्याने दोरी ओढली. धनुष्य मधोमध तुटले.

"आधीच वाकडे होते ते," सेनापती म्हणाला.

"वाकडेच करायचे होते, सेनापती. मी वाकवले होते."

 घोडा फुरफुरला.

दुसऱ्या धनुष्याजवळ तिने कोणाला फिरकू दिले नाही. आणि तेच तिला भोवले. दोरी बांधून ती धनुष्य भिंतीवर आडवे टांगे, दोरी हळूहळू खाली ताणे, धनुष्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या दोन्ही अंगांची लाकडे, सारखे वाकतात का ते लांबून पाही. एकदा ते वाकले. अगदी सारखे. तेव्हाच थांबायचे असते. पण तिला वाटले, डावा हात किंचित ताठ आहे. तिने डावा खरवडला. मग उजवा ताठ वाटला. तो खरवडला. रुंजी शेजारी बसून भुसा मुठीत भरत होती, सांडत होती, आणि कुमुदा मध्येच उठून तिची मूठ पुसत होती, नाक पुसत होती, पुन्हा खरवडत होती. अखेर धनुष्य इतके मऊ झाले, की रुंजीने दोरी धरली आणि सहज ओढली. कुमुदाने त्यावरून सोडलेला बाण हंड्याच्या अर्ध्या वाटेवरही गेला नाही, तळ्याकाठच्या चिखलात रुतला. तळे एव्हाना निम्मे चिखलच झाले होते.

हे मात्र सेनापतीच्या माथी मारता येईना. कुमुदा रानात गेली आणि ढोलीखाली बसून राहिली. पाय दुखत होते, डोळे चुरचुरत होते, रडण्याइतकी ताकद उरली नव्हती.

"मला कळते कधी थांबायचे ते," ती म्हणाली. "हातांना कळत नाही."

 चोच म्हणाली, "मी इथे अंड्यावर बसले आहे. बसायचेच असते. टोचून पाहायचे नसते. तिसरी फांदी ने. दोन्ही हात एकदा सारखे दिसले, की तुझी खरवडायची रापी मला आणून दे."

तिसरे धनुष्य घडले. एका सकाळी त्याचे दोन्ही हात सारखे वाकले, आणि त्याच क्षणी कुमुदाला डावा ताठ वाटू लागला. तिने रापी पदरात गुंडाळली आणि जवळजवळ पळतच रान गाठले. चोचीने रापी आत ओढून घेतली आणि फट तेवढ्यापुरती चिखलाने लिंपली. पुढे पाठीवर तांत बसवून सरस वाळेपर्यंत कुमुदा हात मांडीखाली घेऊन बसली. तळे रोज लहान होत होते. राजाचे दूत येत, तिच्याकडे पाहत, आणि काही न विचारता परत जात.

शेवटी तळ्याची परातीएवढी चकाकी उरली, तेव्हा ती काठावर उभी राहिली. राजा होता, राणी होती, आपापली मुकी मुले घेऊन सारे नगर होते. सेनापतीने हलक्या आवाजात विचारले, "दोरी कोणत्या अंगाने?" तिने धनुष्य गुडघ्याला टेकवले, उलटवले आणि दोरी चढवून त्याला दाखवले. डावा हात तिला अजूनही ताठच दिसत होता. तसाच ताठ असू दे म्हणत तिने बाण सोडला.

हंडा फुटला. सोने तळ्यात पडले, आणि तळाशी बसल्याबरोबर चारी बाजूंनी पाणी भरून आले. राजाने ओंजळभरही सोने परत मागितले नाही. काठावर आधी कुणी "आई" म्हटले, मग कुणी "बाबा", मग इतका कालवा झाला, की शांतता हवी असलेला मांत्रिकही पाण्याखाली खोल निघून गेला. राजकन्या पाणी मागत होती, मोठ्याने, आणि राणी द्यायचे विसरून नुसती ऐकत होती.

कुमुदा रुंजीसमोर मटकन खाली बसली. धनुष्य मांडीवर आडवे, खांदा ठणकत असलेला. तिने पोरीच्या तोंडाकडे पाहिले. काही विचारले नाही.

रुंजी रिकाम्या आभाळाकडे बघत होती. मग तिने आईचा दुखरा खांदा हलवला आणि म्हणाली, "परत फोड."